दादीचा मेहर

डिसेंबर २०१९ मध्ये घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या, तशी आमचीही उघडली. टीव्हीवर नागरिकत्वाच्या कायद्याची चर्चा चालू होती. पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "आपा, दादांचे जेवढे कागद असतील तेवढे काढून ठेव. शाळेचा दाखला, सातबारा, काय मिळेल ते." अब्बा घोडेगावच्या घरात एकटेच होते. मी रविवारी तिकडे गेले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

कागद शोधायला मी घाबरून बसले होते, हे आधीच कबूल करते. पण हाती लागलं ते वेगळंच होतं. पेटीत कुरआन शरीफचा जुना जुजदान होता आणि त्याच्या अस्तरात चार घड्या घातलेला एक पिवळा कागद. दादीच्या निकाहचा सियाहा. त्याच्याच खाली लाल कापडात बांधलेली दादांची चोपडी. या दोन कागदांचा अर्थ लागायला मला पाच वर्षं लागली.

दादी मोगलाईतली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नेवासा तालुका इंग्रजांच्या मुलुखात होता आणि गंगेपलीकडचं गंगापूर, पैठण निजामाच्या. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. नदी एक, पण काठ दोन राज्यांत. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. अलीकडे सरकारी दफ्तर मराठी-इंग्रजीत, पलीकडे उर्दूत. सोयरिकी मात्र सर्रास दोन्हीकडे होत. दादी सांगायची, "बेटी, गर्मी के दिन थे, गंगा में पानी नै था. बैलगाड्यां सीधी उतर गयीं." तिच्या लग्नाची तारीख तिला कुणी विचारली की ती एवढंच सांगायची. गंगेत पाणी नव्हतं.

सियाह्यात साल होतं १३५० फसली आणि तारीख होती रबी-उस-सानी १३६० हिजरी. ज्यांच्या घरात मराठवाड्यातले जुने उर्दू कागद आहेत, त्यांच्यासाठी सांगते: हैदराबाद संस्थानाच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन मिळतं. फसली साल ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, म्हणून थोडं पुढेमागे धरावं लागतं. १३५० म्हणजे १९४०-४१. रबी-उस-सानी १३६० हा महिना एप्रिलअखेर सुरू होऊन मे १९४१ मध्ये संपला. म्हणजे दादीचं खरंच होतं, भर उन्हाळा होता.

दादा वारले १९९९ च्या सप्टेंबरात. इंग्रजी हिशेबाने संसार झाला अठ्ठावन्न वर्षांचा. चांद्रवर्ष मात्र ३५४-३५५ दिवसांचं असतं. दर वर्षी दहा-अकरा दिवस वाचतात आणि बत्तीस सौर वर्षांत तेहतीस हिजरी वर्षं होतात. तो हिशेब लावला तर १३६० ते १४२०, साठ वर्षं पुरी. आमच्यात तेव्हा कुणी लग्नाचे वाढदिवस करत नव्हतं. त्यामुळे त्यांचा हिरक महोत्सव होऊन गेला हे ना त्यांना कळलं, ना आम्हाला.

पण मला लिहायचंय ते मेहरबद्दल.

दादांची मय्यत घरात होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. आमच्याकडे जनाजा उठायच्या आधी बायका बेवेकडे जातात आणि म्हणतात, मेहर माफ कर, मरणाऱ्याच्या मानेवर बोजा नको. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. ते दिलं नसेल तर वारसांची वाटणी होण्याआधी त्याच्या मालमत्तेतून फेडावं लागतं, हा शरियतचा साधा नियम आहे. पण नियम कुणाला पाळायचा असतो? रडणाऱ्या बाईकडून दोन शब्द वदवून घेतले की काम झालं. त्या दिवशी एका बुजुर्ग बाईने दादीला तसंच सांगितलं. दादीने मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माफ काय को करूं? मैंने गिन के लिया है."

घर चूप झालं. मागाहून कुजबूज झाली. कसली कठोर बाई, नवऱ्याच्या मय्यतीवर पैशाची भाषा. मलाही लाज वाटली. खरं सांगायचं तर ती लाज मी पुढची वीस वर्षं बाळगली. दादी २००६ साली गेली आणि त्या वाक्याचा अर्थ तिला विचारायचं राहून गेलं.

सियाह्यात मेहर लिहिलाय साडेतीनशे रुपये, सिक्का हाली. आणि पुढे एक शब्द आहे, मुअज्जल. इथे मला थांबावं लागलं. उर्दूत हे दोन वेगळे शब्द आहेत. एक 'ऐन'ने लिहितात. त्याचा अर्थ तात्काळ, म्हणजे रोख द्यायचा मेहर. दुसरा 'हमजा'ने लिहितात. त्याचा अर्थ मुदतीचा, म्हणजे नंतर द्यायचा. देवनागरीत लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात, आणि आपल्या तोंडीही सारखेच येतात. एका अक्षराने रोखीची उधारी होते. मी भिंग लावून पाहिलं. दादीच्या कागदावर हमजा होता. म्हणजे सगळा मेहर उधार.

आता चोपडी. ती मोडीत होती. दादा इंग्रजी मुलुखातल्या मराठी शाळेत चार यत्ता शिकले. हिशेब मोडीत लिहायचा हे त्यांच्या हाताला बसलेलं होतं. दादी तिच्या वडिलांकडून कुरआन आणि उर्दू वाचायला शिकली होती. दादांना उर्दू अक्षर वाचता येत नव्हतं आणि दादीला मोडी. साठ वर्षं एका छताखाली राहिलेल्या दोन माणसांना एकमेकांचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं, ही गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. मला उर्दू येतं, मराठी येतं, दोन्ही शिकवून पोट भरते. पण मोडीपुढे मीही अडाणी. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून गेली आणि आमच्या पिढीला ती गिचमिड वाटते.

आधी करोना आला. नंतर ओळखीतून एक मोडी वाचणारे गृहस्थ सापडले, तोवर २०२३ उजाडलं होतं. कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तहसिलांची जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला जेवायला सवड राहिली नाही. मी वाट पाहिली. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला दोन दुपार दिल्या. ते वाचत गेले, मी देवनागरीत उतरवत गेले.

चोपडीत बियाणं होतं, मजुरी होती, बाजारात विकलेल्या बैलांचे आकडे होते. आमच्या घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या लोकांना माहीत आहे. दादा त्यात उठबस करणारे. मधल्या पानांवर वेगळं खातं निघालं. वर मथळा, 'घरातील मेहर. कलदार रुपये ३००.'

तीनशे? कागदावर साडेतीनशे आणि वहीत तीनशे? माझं डोकंच फिरलं. म्हणजे गंगा ओलांडताना पन्नास रुपये गायब. सासरच्यांनी पलीकडून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीला फसवलं, आणि तिने 'गिन के लिया' म्हटलं ते हेच का? त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांची गणितं चालू असताना आठवलं. हाली सिक्का कलदारापेक्षा हलका होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. साडेतीनशेला सातने भागा, सहाने गुणा. बरोबर तीनशे. एक पैसा इकडेतिकडे नाही. ज्या माणसावर मी रात्रभर संशय घेतला होता, तो कब्रीत पडून पंचवीस वर्षं झाली होती. मी मनातल्या मनात माफी मागितली.

मथळ्याखाली हप्ते. पहिला १९४२ चा, वीस रुपये. प्रत्येक नोंदीच्या बाजूला दादीचं उर्दू अक्षर, 'वसूल पाया', आणि उर्दू आकड्यांत रक्कम. मोडी वाचणारे गृहस्थ उजवी बाजू वाचू शकत नव्हते, मी डावी वाचू शकत नव्हते. आम्ही दोघं मिळून एकेक ओळ जुळवत होतो. १९४३ च्या नोंदीपाशी अडकलो. मोडीत वीस, उर्दूत पंधरा. पुढच्याच ओळीत, महिनाभराने, मोडीत पाच आणि उर्दूत पाच. म्हणजे दादांनी वीस लिहिले, हातात पंधराच ठेवले, आणि दादीला त्यांचं लिखाण वाचता येत नसलं तरी तिने मिळाले तेवढेच लिहिले. मग राहिलेले पाच द्यावे लागले. ते गृहस्थ चष्मा काढून खूप हसले. म्हणाले, "मॅडम, हे तर ऑडिट आहे."

१९४६ मध्ये नोंद आहे, 'म्हैस एक, रुपये ९०, मेहरात.' ती म्हैस अब्बांना ऐकून माहीत होती. दादीची म्हैस. दूध-तूप विकून आलेला पैसा तिचा असायचा आणि त्यावर घरात कुणी बोलायचं नाही, असं अब्बा सांगतात. ते का बोलायचं नाही, हे त्यांनाही आता कळलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत पोलीस ॲक्शन झाली. दादीचे दोन भाऊ बायकापोरांसह गंगा उतरून आमच्याकडे आले आणि सहा-सात महिने राहिले. त्या दिवसांबद्दल घरात फारसं कुणी बोलत नसे. चोपडीतही एकच ओळ आहे, 'पाहुणे घरात. हप्ता पुढे.' बाजूला दादीने लिहिलंय, 'मंजूर.' एवढंच. माझ्या दोन्हीकडच्या माणसांचा त्या काळाचा इतिहास या पाच शब्दांत आहे.

शेवटचा हप्ता १९५७ चा. साडेबारा रुपये. खाली मोडीत 'खाते पुरे' आणि उर्दूत 'कुल वसूल'. सोळा वर्षं लागली.

ही चोपडी वाचल्यावर मी घरातल्या इतर निकाहांच्या मागे लागले. दादांच्या वडिलांचा शोध घेतला. त्यांच्या वेळी आमच्या गावांतून निकाह मुलाणा लावायचा. तो बलुतेदारांपैकी एक, निकाह लावणं हे त्याचं काम. कागद होईलच असं नव्हतं. त्यांची दोन लग्नं झाली होती आणि पहिली बायको मानमोडीत गेली, एवढं ऐकून होते. १९१८ ची ती साथ म्हणजे इन्फ्लुएन्झा, ज्यात हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं मेली. तेव्हाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात नोंद मिळाली. पणजोबांचं नाव, पुढे 'ची बायको', आजार ताप. तिचं स्वतःचं नाव नाही. मी काढलेल्या वंशावळीत तिची चौकट रिकामी आहे. शबे बरातला फातिहा देताना अब्बा सगळ्यांची नावं घेतात. आता शेवटी म्हणतात, "और वो, जिनका नाम हमना मालूम नै."

राजेरजवाड्यांच्या लग्नांची नोंद इतिहास ठेवतो. आमच्याच नगरच्या हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला दिला, आणि अलीची बहीण आपल्या मुलासाठी, मुर्तजासाठी, करून आणली. आपल्या भाषेत साटंलोटं. त्या सोयरिकीवर १५६५ ची तालिकोटची लढाई उभी राहिली. किल्ला कुणी दिला, फौज कुणी आणली, सगळं लिहिलेलं आहे. अली १५८० मध्ये मारला गेला. मधली पंधरा-सोळा वर्षं त्या नवराबायकोत कसं काय चाललं होतं, हे कुणी लिहिलं? त्या मानाने माझी दादी श्रीमंत. तिच्या संसाराचा हिशेब दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे.

लांब चाललेला संसार म्हणजे चांगला संसार, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या फुफूचा संसार एकेचाळीस वर्षं चालला. तिचाही निकाहनामा पेटीत आहे, सुरेख छापलेला. त्यात मेहरचा आकडा आहे, वसुली नाही. फुफू म्हणते, "मांगती तो मायके भेज देते." तिला परत पाठवलं असतं तर दादांनी ठेवून घेतलं असतं, असं मला वाटतं. पण ती मागायलाच घाबरली. कागदावर सुरुवातीची तारीख असते, कब्रस्तानात शेवटची. मधलं काय होतं ते वर्षांच्या संख्येवरून कळत नाही.

मग एका रात्री मी माझा स्वतःचा निकाहनामा काढला. मेहर अकरा हजार, पुढे देवनागरीत छापलेलं 'मुअज्जल'. ऐन की हमजा, ते कळायला मार्ग नाही. मी सही केली तेव्हा तो वाचलाही नव्हता. उर्दू शिकवणारी, बीएड झालेली बाई मी. नवऱ्याला विचारलं, हा रोख होता की उधार? ते हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "दिला तर नाहीच. हप्ते चालतील?" मी म्हटलं, चालतील, पण वसुलीची सही माझ्या अक्षरात होईल. तीन हप्ते आलेत. एकदा पाचशे कमी होते, तेही मी लिहिलंय.

या वर्षी भाचीचा निकाह ठरला. बैठकीत सगळं बोलून झालं, हॉल, जेवण, वलीमा कुठे. मेहरचा विषय निघाल्यावर कुणीतरी म्हणालं, "लिहा काहीतरी, तो कागदावरच असतो." अब्बा कोपऱ्यात बसले होते. ते सहसा बोलत नाहीत. उठले, आतून लाल कापडातली चोपडी आणली आणि मध्ये ठेवली. मी सात हाली नि सहा कलदारापासून सगळं सांगितलं. मुलाकडचे बुजुर्ग मन लावून ऐकत होते. म्हशीपाशी हसले, 'पाहुणे घरात' पाशी गप्प झाले. शेवटी मुलगाच म्हणाला, अर्धा त्याच दिवशी देतो, उरलेला दोन वर्षांत. निकाहनाम्यात काजीसाहेबांना विनंती करून मुअज्जल हा शब्द काढायला लावला आणि साध्या मराठीत लिहिलं, 'निम्मा रोख दिला, निम्मा बाकी.'

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पेटी उघडा, भीतीने का होईना उघडा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिला तारीख विचारू नका, ती सांगता येणार नाही. विचारा, तेव्हा नदीला पाणी होतं का, दुष्काळ होता का, घरात म्हैस कोणती होती. कागद त्या उत्तरांवरून शोधा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. त्यामुळे आपल्या नातवंडांना आपली तारीख शोधावी लागणार नाही. पण मेहर दिला की नाही, हे सरकारी दाखला त्यांना सांगणार नाही. ते आपणच लिहून ठेवलं पाहिजे.

दादीचं माहेर आज जमिनीवर नाही. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं आणि गंगाकाठच्या पुष्कळ गावांसोबत तेही नाथसागरात गेलं. मशीद, काजीचं घर, जिथे तिचा निकाह लागला तो ओटा, सगळं. या मे महिन्यात अब्बांना घेऊन मी काठावर गेले. पाणी बरंच मागे हटलं होतं आणि लांब चिखलात काही जोती दिसत होती. अब्बा बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अम्मा बोलती थी ना, गंगा में पानी नै था."

परतताना ते पुन्हा म्हणाले, "उस दिन लोगां अम्मा को कठोर बोले. मैं भी चुप बैठा था."

मी काही बोलले नाही. मीही तिथेच बसले होते.